खेकड्याच्या गोष्टीचं शेवटचं पान

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला. डोळे मिटले तर वाचणार कसं, हेही खरंच. मग उघडेच ठेवा, पण कल्पना मात्र करा.

तुम्ही सात वर्षांचे आहात. वर्गात बसला आहात. भिंतीवर एका लाल, गोल फळाचं चित्र आहे. ते फळ तुम्ही कधी खाल्लेलं नाही, तुमच्या आईने नाही, आजीनेही नाही. मास्तर छडीचं टोक त्या चित्रावर टेकवतात आणि फ्रेंचमध्ये म्हणतात, “पॉम.” तुम्ही म्हणता, “पॉम.” मास्तर पुन्हा म्हणतात, तुम्हीही पुन्हा म्हणता. मग घंटा होते, तुम्ही बाहेर पळता, झाडावरची पपई पाडता, मित्रांना हाका मारता; पण त्यात सकाळपासून शिकलेला एकही शब्द नसतो. शाळेतले शब्द शाळेतच राहतात, खिळ्याला टांगलेल्या टोपीसारखे.

असं एक वर्ष जातं. मग दुसरं. आणि तुम्ही अजून पहिलीतच.

रोलिनचं असं झालं होतं. आणि छडी हातात धरून ‘पॉम’ म्हणणारा मास्तर मी होतो.

रोलिन मंद नव्हती, हे मला बाहेर कळायचं. शाळा सुटली की ती माझ्या मागे मागे यायची आणि सगळ्या बेटांवर चालणाऱ्या बिस्लामात नाहीतर आमच्या गावच्या भाषेत विचारत राहायची. ओहोटीचं पाणी कुठे जाऊन थांबतं? ज्वालामुखीला थंडी वाजते का? पॉम हे फळ आहे, तर ते कोणाच्या झाडाला लागतं? ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या लेवुर गावात एकाच माणसाला देता आलं असतं. तो म्हणजे तिचा बाप, आणि तो नेमका न्यूझीलंडला तीच फळं तोडायला गेला होता. वर्गात मात्र रोलिन गप्प. विचारायचं ते फ्रेंचमध्ये विचारायचं असा नियम होता, आणि तिच्याकडे प्रश्न होते पण फ्रेंच नव्हतं.

त्या वर्षी सरकारचं पत्र आलं. पहिली आणि दुसरीचे वर्ग ह्यापुढे मुलांच्या मातृभाषेत भरवावेत. चीफ अबेलने गावाला नाकामालमध्ये, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, जमवलं आणि पत्र वाचून दाखवलं.

“मातृभाषा म्हणजे आईची ना?” एक म्हातारी म्हणाली. “माझी थोरली सून डोंगरातली, धाकटी पलीकडच्या खाडीवरची, मधली दुसऱ्या बेटावरची. मास्तर, तुम्हाला सात तोंडं लागतील.”

“एक आहे तेच थकलंय,” मी म्हणालो.

मग एक बाप उठला. “आपली भाषा आम्ही घरी फुकट शिकवतो. त्याला शाळा कशाला? फ्रेंच आलं तर पोरगं राजधानीत, पोर्ट व्हिलात, नोकरीला लागेल.”

“तुला आलं का फ्रेंच?” म्हातारीने विचारलं.

“सहा वर्षं होतो की शाळेत.”

“मग बोल बरं.”

तो खाली बसला. हसणं थांबेपर्यंत अबेल थांबला, आणि मग त्याने पत्राचा खालचा भाग वाचला. मुलं खेळताना ज्या भाषेत भांडतात ती भाषा घ्यावी. कोनफळं काढायच्या दिवसांत लाकातोरोच्या शिक्षण कचेरीतून अधिकारी येऊन मुलांना वाचायला लावतील. वाचता आलं, तर वर्ग पुढे चालू राहील. नाही आलं, तर सगळं पहिल्यासारखं.

बाहेर पडताना रोलिनची आई नेली माझ्याजवळ आली. नेली डोंगरातल्या गावची. लग्न होऊन आठ वर्षं झाली तरी घरी मुलीशी ती डोंगरातलंच बोलायची.

“मास्तर, हे हिचं तिसरं वर्ष,” ती म्हणाली. “ह्या वर्षी वाचायला लागली तर बरं. नाहीतर मी तिला मळ्यावर नेते. मला एकटीला होत नाही आता.”

“वाचेल ती.”

“गेल्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होतात.”

ते खरं होतं.

सरकारकडून वीस पुस्तिका आल्या. वर चित्र आणि खाली मोकळ्या ओळी. ओळी आपण आपल्या भाषेत भरायच्या. डुक्कर, होडी, चूल, मासा. शेवटी सहा पानं पूर्ण कोरी, आणि त्यांच्या डोक्यावर लिहिलेलं: ‘गावातली एक गोष्ट इथे लिहा.’

पहिल्या दिवशी मी फळ्यावर आमच्या भाषेत ‘डुक्कर’ लिहिलं आणि वाचलं. अख्खा वर्ग हसायला लागला. आजी मास्तरांचे बूट घालून आल्यासारखं काहीतरी त्यांना वाटलं असावं. रोलिन तेवढी हसली नाही. तिने हात वर केला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

“मास्तर, हे फळ्याला कोणी सांगितलं?”

“काय?”

“आपण डुकराला असं म्हणतो ते.”

मी तिला खडू दिला. “तू सांग आता त्याला दुसरं काहीतरी.”

त्यानंतर तिला थांबवणं कठीण झालं. तिला होडी कशी लिहायची ते हवं होतं, मग वल्हं, मग वल्ह्याचा आवाज. ‘पाणी’ लिहायला सांगितलं तर तिने आईचा डोंगरातला शब्द लिहिला. मुलं “डोंगरवाली, डोंगरवाली” करायला लागली. मी म्हटलं, “दोन्ही लिही, एकाखाली एक. पाणी वरून खालीच येतं.” तीन महिन्यांनी ती पुस्तिकेतली चित्रांची पानं बोट न ठेवता वाचत होती. नेली एकदा कुंपणापाशी उभी राहून ऐकून गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात केळीचा घड होता.

उरली कोरी पानं. इथे माझी चूक झाली.

आमच्याकडे गोष्टींना घर असतं. जमिनीला असतं तसं. अमकी गोष्ट अमक्या घराण्याची. त्यांनी सांगितली तर ऐकायची, त्यांना विचारल्याशिवाय सांगायची नाही. काही गोष्टींबरोबर वाळूतलं चित्रही असतं. आधी ठिपके, मग त्यांच्यामधून बोटाने काढलेली एकच रेघ. हात न उचलता, जिथून निघालो तिथे परत. ते चित्रही त्याच घराचं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून मी केलं.

खेकड्याची गोष्ट बुबू सालोंच्या घराची. बुबू म्हणजे आजोबा. सगळं गाव त्यांना बुबूच म्हणतं. लहानपणी मी ती गोष्ट त्यांच्या वडिलांच्या तोंडून ऐकली होती, नाकामालच्या कुडामागे लपून. ती अशी. एक खेकडा ओढ्याकाठी राहायचा. एकदा उन्हाळ्यात ओढा बारीक झाला, तेव्हा त्याला प्रश्न पडला, हे पाणी येतं कुठून? तो वर चालत निघाला. वाटेत वाम भेटली. ती म्हणाली, “वरून.” पुढे झाडाला उलटं लटकलेलं वटवाघूळ भेटलं. ते म्हणालं, “खालून.” खेकडा गोंधळला आणि एका मोठ्या दगडापाशी जाऊन बसला. त्याने दगडाला विचारलं. दगड एक दिवस गप्प राहिला. दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी दगड म्हणाला—

आणि तेवढ्यात कोणीतरी माझा कान धरून मला कुडामागून ओढून काढलं.

गोष्ट इतकी चांगली होती की मुलांना तीच द्यावी असं मला वाटलं. शेवट माहीत नव्हता, म्हणून मी माझाच जोडला: दगड म्हणाला, “घरी जा.” आणि खेकडा आनंदाने घरी गेला. वीस पुस्तिकांमध्ये हाताने लिहिलं. आठवडाभर बोटं दुखत होती, आणि खरं सांगतो, मला स्वतःचं कौतुकही वाटत होतं.

मुलांना गोष्ट फार आवडली. चार दिवसांत गावभर एकच चाललं. कोणी काही मागितलं की दुसरा छाती फुगवून म्हणायचा, “दगड म्हणाला, घरी जा.” बुबू सालो अंगणात जाळं दुरुस्त करत बसलेले असायचे. त्यांच्या घरावरून शाळेची वाट जाते.

पाचव्या दिवशी सकाळी शाळेच्या दाराला नामेलेचं पान बांधलेलं होतं. लांब, हिरवं, दोन्ही बाजूंनी कंगव्यासारखं.

नामेले बांधलं की आत जायचं नाही. ज्याने बांधलं त्यानेच सोडायचं. मग ते दार सरकारचं असो की चर्चचं. मुलं आली, पान बघून पायरीपाशीच थांबली. सगळ्या पुस्तिका आत, फळा आत, खडू आत. नियम मोडला तो फक्त माझ्या कोंबडीने. ती खिडकीतून आत उडाली आणि माझ्या खुर्चीवर बसली, आणि तिला हुसकायलाही कोणाला आत जाता येईना.

अधिकारी यायला नऊ दिवस उरले होते.

चीफ अबेलला बरोबर घेऊन मी बुबूंकडे गेलो. काखेत चटई, दोरीला एक लहान डुक्कर. रोलिन आमच्या मागे होती, पण आमच्यासाठी नव्हे. नेली दर आठवड्याला आपल्या मामाला केळीच्या पानात भाजलेला कंदांचा लापलाप पाठवायची. बुबू सालो नेलीचे सख्खे मामा. त्यांची बहीण डोंगरात दिलेली, आणि तिची मुलगी पुन्हा खाली समुद्राकाठी आलेली.

बुबूंनी जाळ्यावरून मान वर केली नाही. “डुक्कर कशाला आणलंस?”

“चूक झाली, बुबू.”

“चूक तू केलीस. डुकराने काय केलं?”

मी दोरी अबेलच्या हातात दिली.

“दगड काय म्हणाला म्हणे?” बुबूंनी विचारलं.

मी काखेतली चटई त्यांच्यापुढे ठेवली.

“सांग की. साऱ्या गावाला सांगितलंस, मला सांगायला लाजतोस?”

“घरी जा, म्हणाला.”

“तू विचारलंस दगडाला?”

“नाही.”

“मला विचारलंस? माझं अंगण शाळेपासून चाळीस पावलांवर. आणि मी दगडापेक्षा लवकर बोलतो.”

अबेलला खोकला आला. तो खोकला नव्हता, हे तिघांनाही कळलं.

“बुबू, खरा शेवट सांगा,” मी म्हणालो. “मी माझा खोडतो आणि तुमचा लिहितो.”

“लिहिशील. मग तो कागद कुठे जाईल?”

“मुलांच्या घरी. लाकातोरोला. एखादी प्रत पोर्ट व्हिलालाही.”

बुबूंनी जाळं मांडीवर ठेवलं. “गोष्ट सांगायच्या आधी मी बघतो कोण कोण बसलंय. घरातलं कोण, पाहुणा कोण, कोणाला झोप आलीय, कोण नुसतं चोरायला आलंय. मग ठरवतो कुठवर सांगायचं. तुझा कागद बघतो का, कोण बसलंय ते?”

मी तीस वर्षं मुलांना कागद वाचायला शिकवत होतो. हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

“बाई येणार आहेत लाकातोरोहून,” अबेल म्हणाला. “नऊ दिवसांनी. वर्ग बंद दिसला तर भाषेचा वर्ग जाईल आपला.”

“येऊ दे. चहा द्या तिला. पान तिथेच राहील.”

विषय संपला. आम्ही वळलो, तेव्हा मागून रोलिनचा आवाज आला.

“बुबू, मग दगड काय म्हणाला?”

अबेलने तिला डोळ्यांनी दटावलं. बुबू म्हणाले, “तुला कशाला?”

“मला आधीपासून ते पटत नव्हतं. तीन दिवस गप्प बसून नुसतं ‘घरी जा’ कोण म्हणेल? तेवढं तर पहिल्याच दिवशी म्हणता आलं असतं.”

मी जमिनीकडे पाहिलं. शेवट माझा होता.

बुबूंनी जाळं बाजूला ठेवलं. “तुझी आजी अशीच होती,” ते म्हणाले. “विचारून विचारून आमच्या बापाला दमवायची. लापलाप तिथे ठेव. उद्या ओहोटीला वाळूवर ये. एकटी ये.”

दुसऱ्या दिवसापासून मी वर्ग समुद्रावर नेला. दुसरी जागाच नव्हती. होड्या ओढून ठेवतात तिथल्या सावलीत मुलं बसायची आणि काळ्या वाळूत काडीने लिहायची. चूक झाली की तळवा फिरवायचा, नवी पाटी तयार. किनाऱ्याच्या पार दुसऱ्या टोकाला बुबू आणि रोलिन वाकून बसलेले दिसायचे. मी त्यांच्याकडे पाठ करून बसायचो, आणि मुलांनाही तसंच बसवायचो. उन्हं चढली की रोलिन आमच्यात यायची, बोट काळं झालेलं, आणि कोणी विचारलं तर सांगायची, “नाही सांगणार.”

“दगड म्हणाला, घरी जा,” मुलं चिडवायची.

“नाही म्हणाला,” ती म्हणायची, आणि लिहायला बसायची.

सातव्या दिवशी बुबू तिच्या मागोमाग वर्गात आले. काठी टेकत मुलांमधून फिरले आणि रोलिनने लिहिलेल्या अक्षरांपाशी थांबले.

“हे काय?”

“खेकडा.”

“कुठाय खेकडा? एक पाय दिसत नाही.”

“पाय नाही लागत, बुबू. वाचलं की येतो.”

बुबू खाली बसले, आणि अक्षरांवरून आपलं बोट फिरवू लागले, हळूहळू, वासराला चाचपावं तसं. मग त्यांचं बोट थांबलं.

“इथे हात उचललास तू. आणि इथेही. आमच्यात असं झालं तर पुन्हा पहिल्यापासून.”

“लिहिताना उचलावा लागतो.”

“आळशीपणा,” बुबू म्हणाले. मुलं हसली. “आणि भरती आली की ह्या खेकड्याचं काय होतं?”

“जातो.”

“कागदावरचा?”

“तो नाही जात.”

“तेच तर दुखणं आहे.” बुबू उठायला लागले.

रोलिनने त्यांची काठी धरून ठेवली. “मग शेवट कागदावर नको ना. दगडापर्यंत कागदावर असू दे. शेवट इथे ठेवू. वाळूतलं कोणालाही लाकातोरोला नेता येत नाही. जो इथे बसलाय त्यालाच दिसतं.”

बुबूंनी काठी सोडवून घेतली. आणि ते घराकडे निघाले. संध्याकाळी मी शाळेपाशी जाऊन पाहिलं. पान तसंच होतं, फक्त कडेने पिवळं पडायला लागलं होतं. आत कोंबडी बोलत होती.

वाटेत नेली भेटली. तिच्या खांद्यावर दोन खणायच्या काठ्या होत्या. एक मोठी, एक नवी आणि आखूड.

“ही कोणासाठी?” मी विचारलं. मला माहीत होतं.

“परवा ठरेल,” ती म्हणाली.

अधिकारी आल्या त्या ट्रकच्या मागे उभं राहून, केस धुळीने लाल झालेले. मिस लेआ नाव त्यांचं, मूळच्या पेंटेकोस्ट बेटावरच्या. हातात फाइल. सरळ शाळेच्या पायरीपर्यंत आल्या, पाय उचलला, आणि पान बघून तो तसाच खाली ठेवला.

“कोणाचं?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“बुबू सालोंचं.”

“मग बाहेरच बसू.” त्यांनी फाइल उघडून पाहिली. “इथे ‘वर्गखोलीत’ असं छापलंय. असू दे. पण मास्तर, मुलं पुस्तकातून वाचताना मला दिसली पाहिजेत. नाहीतर मी लिहू काय? आणि माझा ट्रक चारला सुटतो.”

मुलांनी वाळूत लिहून दाखवलं. मिस लेआंनी मान डोलावली, पण कागदावर काही लिहिलं नाही. अबेलने चहा आणला. मग दुसरा आणला. नेली कुंपणाबाहेर उभी होती, दोन्ही काठ्यांसह. रोलिन वाटेकडे बघत होती. तीन वाजले.

बुबू सालो आले ते ठेवणीतला शर्ट घालून. कोणाकडे न बघता पायऱ्या चढले आणि स्वतःच्या पानाखालून आत गेले. आत एकदम फडफड झाली, आणि माझी कोंबडी ओरडत खिडकीतून बाहेर आली. मग बुबू आले. एका काखेत पुस्तिकांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात तीन अंडी.

“तुमचा वर्ग चालू होता, मास्तर,” ते म्हणाले, आणि अंडी माझ्या हातात दिली. वरची पुस्तिका त्यांनी रोलिनला दिली. “वाच.”

“सगळं?”

“दगडापर्यंत.”

रोलिन उभी राहिली. आधी डुक्कर वाचलं, होडी वाचली, चूल वाचली. मग गोष्टीचं पान उघडलं. सुरुवातीला आवाज बारीक होता. ‘पाणी’ आलं तेव्हा तिच्या तोंडून डोंगरातला शब्द गेला; ती थांबली, कुंपणाकडे पाहिलं, गावचा शब्दही म्हटला आणि पुढे गेली. वाम बोलली तेव्हा तिने वामेचा आवाज काढला. वटवाघूळ “खालून” म्हणालं तेव्हा मिस लेआ हसल्या. पुस्तकात कुठेही तो आवाज लिहिलेला नव्हता.

“दगड दोन दिवस गप्प राहिला. तिसऱ्या दिवशी दगड म्हणाला—”

रोलिनने पुस्तिका मिटली.

मिस लेआंनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. अबेलने मान लांब करून पाहिलं आणि कुंपणाकडे वळून म्हणाला, “‘छान वाचते’ असं लिहिलंय.” नेलीने आखूड काठी कुंपणाला टेकवून ठेवली.

“ते शेवटचं पान,” बुबू मला म्हणाले.

मी पुस्तिका घेतल्या आणि एकेकीचं शेवटचं पान स्वतःच्या हाताने फाडलं. वीस वेळा. बुबूंनी ते सगळे कागद घडी करून खिशात घातले. “चूल पेटवायला बरे आहेत,” ते म्हणाले. मग ते दाराशी गेले, नामेलेची गाठ सोडली आणि पान पायरीवर ठेवलं.

मिस लेआंनी पेन बंद केलं नव्हतं. “पण मग दगड काय म्हणाला?” त्यांनी विचारलं. अधिकाऱ्यासारखं नव्हे, लहानपणी कुडामागे लपून मी जसं विचारलं असतं, तसं.

बुबू शाळेच्या अंगणातल्या वाळूवर बसले. तळव्याने ती सपाट केली आणि बोटाने ठिपके टोचले, रांगेखाली रांग. मग हात मागे घेतला.

“मला हल्ली नीट दिसत नाही,” ते म्हणाले. सकाळी त्यांना जाळ्याच्या सुईत दोरा ओवताना मी पाहिलं होतं. “ज्याला येतं त्याने काढावं.”

इथपर्यंत सांगायची मला मुभा आहे. ती मी नंतर रीतसर मागून घेतली, आणि त्या वेळी डुक्कर चाललं. पुढचं माझ्या घरातलं नाही, म्हणून दगड काय म्हणाला ते मी सांगणार नाही. रोलिनने काय केलं तेवढं सांगतो.

ती ठिपक्यांसमोर बसली. हात फ्रॉकला पुसला. लगेच सुरुवात केली नाही. तिने मान वर केली आणि कोण कोण बसलंय ते पाहिलं. मुलं पाहिली, एकेक. अबेलला पाहिलं. आईकडे पाहिलं. मिस लेआंकडे ती बघतच राहिली, तेव्हा त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि फाइल मिटून मांडीखाली ठेवली. मग ती माझ्याकडे वळली आणि माझ्या खिशातल्या पेन्सिलीकडे बघू लागली. मी पेन्सिल काढून कोंबडीपाशी पायरीवर ठेवली आणि रिकामे हात तिला दाखवले.

रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. कोणी उठलं नाही.

रोलिनने पहिल्या ठिपक्यापाशी बोट टेकवलं.

“तिसऱ्या दिवशी,” ती म्हणाली, आणि हात न उचलता रेघ पुढे नेली.